स्वतःच्या श्रद्धांजलीखाली उभा असलेला माणूस

लोहमार्ग पोलिसांत नोकरी केली, त्यामुळे मरण पुष्कळ पाहिलं. रुळांवरच्या मरणाची सवय फार लवकर होते, हे कबूल करायला बरं वाटत नाही, पण तसं होतं खरं. आता निवृत्तीनंतर सकाळी फिरायला जातो, पेपर वाचतो, दुपारी जरा आडवा होतो. आणि अशाच एखाद्या दुपारी डोळा लागता लागता एक चित्र समोर येतं. ते कुठल्या मृतदेहाचं नाही. भर उन्हात, स्वतःच्याच श्रद्धांजलीच्या फ्लेक्सखाली उभ्या असलेल्या एका जिवंत माणसाचं आहे.

संबंधित माणसं अजून तिथेच राहतात. म्हणून कोणाचं नाव देत नाही, स्टेशनचंही नाही. पुणे-लोणावळा मार्गावर पिंपरी-चिंचवड मागे पडलं की जी लहान स्टेशनं लागतात, त्यांतलं ते एक. दोन फलाट, एक पादचारी पूल, एक तिकीट खिडकी, बाहेर चहाची टपरी आणि तिथून गावाकडे जाणारा डांबरी रस्ता. सकाळी कंपन्यांत जाणारे कामगार, दूधवाले, कॉलेजची मुलं यांनी फलाट भरून जातो. दुपारची लोकल एकदा निघून गेली की पुढची येईपर्यंत बराच वेळ जातो. त्या वेळात तिथे चिटपाखरू नसतं. मेल-एक्सप्रेस गाड्या न थांबता धडधडत जातात, आणि त्या गेल्यावरची शांतता आधीपेक्षा जड वाटते.

जवळच्या मोठ्या स्टेशनवरच्या आमच्या चौकीचा चार्ज मी नुकताच घेतला होता. हे गाव आमच्याच हद्दीत होतं. एके दिवशी तिथली भाजी विकणारी एक मावशी चौकीत आली. रोज सकाळी चिंचवडला भाजी घेऊन जायची आणि दुपारच्या लोकलने परत यायची. मला वाटलं, पाकीट मारलं असेल. पण ती काही बोलेना. शिपाई पाणी आणायला बाहेर गेला, तशी टोपली बाजूला ठेवून ती हळूच म्हणाली,

"साहेब, आमच्या टेशनावर मेलेला माणूस उतरतोय."

मी तिला बसायला सांगितलं. हसलो नाही. गाडीने रोज येणारी-जाणारी बाई उगाच चौकीची पायरी चढत नाही, एवढं मला माहीत होतं. तिने सांगितलं ते असं. गावातल्या आप्पांचा थोरला मुलगा गेल्या हिवाळ्यात रुळावर मेला. त्याच्या दहाव्याला ती स्वतः हजर होती. घाटावर पिंड मांडला, सगळे ताटकळले, पण कावळा काही शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हापासून गावात कुजबुज होती की पोराचं काहीतरी राहिलंय. आणि आता तो दुपारच्या लोकलमधून उतरताना दिसत होता. एकट्या तिलाच नाही, दूधवाल्याला दिसला होता, कॉलेजच्या मुलींना दिसला होता. टपरीवाला तर दुपारची लोकल यायच्या आधीच फळी टाकून घरी जायला लागला होता.

"काय करतो उतरून?" मी विचारलं.

"काय न्हाई. त्याचाच फोटू लावलाय ना रस्त्याला, त्याच्याखाली हुभा ऱ्हातो. गावाकडं बघत. मग कुठं जातो ते न्हाई कळत. आमी कशाला थांबतोय बघायला."

ती गेल्यावर मी जुनी फाईल काढून पाहिली. अकस्मात मृत्यूची नोंद रीतसर होती. स्टेशनच्या पुढे, वळणापाशी रूळ ओलांडताना एका तरुणाला गाडीची धडक बसली होती. चालकाने वेळीच हॉर्न दिल्याचा जबाब होता. शवविच्छेदनातही संशयास्पद काही निघालं नव्हतं. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. अशा वेळी आसपासच्या बेपत्ता माणसांच्या नातेवाइकांना बोलावून मृतदेह दाखवतात. आप्पांचा मुलगा घर सोडून गेल्याला बरेच दिवस झाले होते आणि तशी तक्रार दाखल होती. आप्पांनी मृतदेह पाहिला, माझाच मुलगा म्हणाले, सही केली. देह त्यांच्या ताब्यात दिला गेला. प्रकरण मिटलं.

फाईल मिटवताना माझ्या मनात भूत नव्हतं, पण जे होतं ते भुतापेक्षा बरं नव्हतं. मेलेला माणूस जिवंत असेल, तर त्याच्या नावाने जळाला तो कोण? आणि आपल्याऐवजी दुसरा मेला, हे ह्या पोराला आधीपासून माहीत होतं का?

साध्या कपड्यांत मी त्या स्टेशनवर जाऊन बसायला लागलो. सुरुवातीचे काही दिवस कोणी आलं नाही. मग एका दुपारी लोकल आली. मावशीसारख्या चार-दोन बाया उतरल्या आणि मान खाली घालून झपाझप चालायला लागल्या. कोणी मागे वळून पाहिलं नाही. गाडी गेली. मी पादचारी पुलावर होतो. खाली पाहिलं, तर रस्त्याच्या कडेला फ्लेक्सखाली तो उभा होता.

फ्लेक्स मी रोज पाहत होतो. उन्हाने त्याचा रंग उडाला होता आणि फोटोतला चेहरा निळसर पडला होता. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली गावातल्या मित्रमंडळींचे फोटो. आता त्या निळसर चेहऱ्याखाली तोच चेहरा होता. तेच रुंद कपाळ, त्याच जुळलेल्या भुवया. सावळा, घामेजलेला. तो फ्लेक्सकडे पाठ करून गावाच्या रस्त्याकडे पाहत होता. हलत नव्हता. पोलिसात एवढी वर्षं काढली, पण त्या क्षणी माझ्या हाताला पुलाचा कठडा घट्ट धरावासा वाटला.

मी पायऱ्या उतरायला लागलो. तेवढ्यात एक एक्सप्रेस आली आणि पूल हादरायला लागला. डबे संपेपर्यंत मी खाली पोचलो होतो. रस्त्यावर कोणी नव्हतं. फ्लेक्स तेवढा वाऱ्याने फडफडत होता.

मी त्याच्या जागी जाऊन उभा राहिलो. धुळीत बुटांचे ठसे होते. जाड तळव्याचे, कंपनीत घालतात तसे सेफ्टी शूज. ते पाहून मला बरं वाटलं, कारण भुताला सेफ्टी शूज लागत नाहीत. ठसे रस्त्याने न जाता शेताच्या बांधावरून हायवेकडे गेले होते. तिथून सहा आसनी रिक्षा मिळतात. म्हणजे हा माणूस दुसऱ्या शिफ्टला जाण्याआधी इथे उतरत होता, थोडा वेळ थांबत होता आणि मग हायवेने कंपनी गाठत होता.

पुढच्या वेळी बांधाच्या टोकाला मी एक हवालदार उभा केला आणि स्वतः टपरीच्या आडोशाला थांबलो. तो आला. पहिल्यासारखाच उभा राहिला. मी मागून गेलो आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो पळेल अशी तयारी ठेवली होती. तो पळाला नाही. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"कुणी तरी हात लावला," तो म्हणाला. "लोक मला बघून पळतात साहेब. टपरीवाल्याला हाक मारली तर तो देवाचं नाव घ्यायला लागला. मला वाटायला लागलं होतं, मी खरंच मेलोय."

चौकीत आणून मी त्याला चहा दिला आणि मग प्रश्न सुरू केले. त्या दिवशी कुठे होतास, रुळावर मेलेल्या माणसाला ओळखत होतास का, तुझे कपडे कोणाला दिले होतेस का. एकच गोष्ट उलटसुलट करून विचारली. चौकशीत खोटं बोलणारा माणूस दर वेळी तेच शब्द वापरतो. हा दर वेळी वेगळं सांगत होता, पण गोष्ट बदलत नव्हती. कंपनीच्या गेटवर बोटाच्या ठशाची हजेरी असते. तीही आम्ही तपासली. ज्या वेळी तो अपघात झाला, त्या वेळी हा शिफ्टवर होता.

त्याची हकीकत अशी. घरात दोघे भाऊ. चाकणच्या रस्त्यावर याच्या मोटारसायकलला कंटेनरची धडक बसली. चालवत हा होता, मागे बसलेला धाकटा जागीच गेला. दिवस घालून झाल्यावर एका सकाळी आप्पा त्याला म्हणाले होते, "तो गेला आन् तू ऱ्हायलास." एवढंच. तो त्याच दिवशी घरातून निघाला, याच स्टेशनवरून. रावेतला चार मुलांत खोली घेतली, मोबाईलचा नंबर बदलला, कंपनीत लागला. पण कंपनी गावाच्या पलीकडे होती. त्यामुळे रोजची लोकल गावावरूनच जायची.

"आई दिसायची फलाटावर," तो म्हणाला. "प्रत्येक डब्यात डोकावून बघायची. मी पलीकडच्या दाराला जाऊन उभा राहायचो."

 तो पुढे सांगत गेला. एक दिवस गाडीतून त्याला स्वतःचा फ्लेक्स दिसला. आप्पांना जे हवं होतं ते त्यांनी करून टाकलं, असं त्याला वाटलं. पण त्या दिवसापासून आई फलाटावर दिसेना. ती गेली की काय, या भीतीने तो उतरायला लागला. गावात पाऊल टाकायची हिंमत नव्हती. फ्लेक्सखाली उभा राहायचा, आई कधीतरी रस्त्याने येईल म्हणून. आणि आई येत नव्हती, कारण तिच्या लेखी वाट बघायला कोणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पुन्हा बोलावलं आणि आतल्या खोलीत बसवून मी आप्पांना बोलावणं पाठवलं. मुलगा सापडल्याचं कळवलं नाही. पांढरी टोपी, धुतलेला सदरा, ताठ माणूस. मी त्यांना एवढंच विचारलं, की चेहरा नसलेला देह तुम्ही कशावरून ओळखला.

"बाप हाय मी," ते म्हणाले.

"ते खरंय. पण काय पाहून ओळखलंत? हात, पाय, एखादा व्रण?"

ते अंगकाठीबद्दल सांगायला लागले. तेवढ्यात आतल्या खोलीत मुलगा खोकला. साधा, घसा खाकरल्यासारखा खोकला. आप्पांचं वाक्य अर्ध्यात थांबलं. ते दाराकडे वळले नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग ते म्हणाले, "त्यो माझा नव्हता साहेब. पायाकडं बघितल्याबरोबर मला कळलं व्हतं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मुलगा गेल्यापासून त्यांची बायको घरात राहतच नव्हती. सकाळच्या पहिल्या गाडीपासून स्टेशनवर. जेवण नाही, झोप नाही. लोक समजावून थकले. एकदा ती समोरून येणाऱ्या गाडीपुढे रुळावर उतरली, कारण तिला डब्याच्या दारात मुलगा दिसल्यासारखं वाटलं. फलाटावरच्या माणसांनी ओढून काढली म्हणून वाचली. त्यानंतर काही दिवसांनी पोलिसांनी आप्पांना तो मृतदेह पाहायला बोलावलं.

"दोन पोरं गेली व्हती. तिसरी तीबी जानार व्हती," ते म्हणाले. "मी इचार केला, रडून तरी मोकळी हुईल. व्हय म्हनलो. सही केली." मग म्हणाले, "आन् खरंच ती त्या दिसापासनं घरात बसली."

मी आतलं दार उघडलं. बाप-लेक समोरासमोर आले.  मुलगा खाली वाकला. आप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मी तसं बोलायला नगं व्हतं." 

आम्ही तिघे त्याच दुपारी गावात गेलो. मी आत जाऊन त्या माउलीला आधी हळूहळू सांगणार होतो. पण आमचा आवाज ऐकून ती ओसरीवर आली आणि तिने मुलाला पाहिलं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. तिला आनंद झाला नाही. ती एक पाऊल मागे सरकली आणि दाराची चौकट धरून उभी राहिली.

"ह्याला आत घिऊ नका," ती आप्पांना म्हणाली. "माजं पोर तुमी जाळून आलाय."

मुलगा "आई" म्हणाला. तिने ऐकल्याचं दाखवलं नाही. ती त्याच्या पायांकडे पाहत होती. त्याने ओळखलं, बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी पावलं तिच्यासमोर ठेवली. पावलं सरळ होती. तरी तिचा विश्वास बसेना. तिने त्याला अंगणात उन्हात जाऊन उभं राहायला सांगितलं. तो गेला. उन्हात त्याची सावली पडली. ती सावलीकडे पाहत राहिली. गल्लीतली माणसं आपापल्या दारांत येऊन थांबली होती, पण कोणी आवाज करत नव्हतं. मग ती पायऱ्या उतरली, सावलीला वळसा घालून त्याच्यापाशी गेली आणि हात उचलून त्याच्या मुस्काटात दिली. आवाज साऱ्या गल्लीने ऐकला. त्यानंतर ती त्याला धरून जे रडायला लागली, ते ऐकवत नव्हतं. मी रस्त्यावर येऊन उभा राहिलो.

गावाच्या दृष्टीने गोष्ट तिथे संपली. फ्लेक्स त्याच संध्याकाळी उतरवला गेला. पण माझ्यासाठी ती निम्मीच झाली होती. ज्याची दशक्रिया दुसऱ्याच्या नावाने झाली, तो माणूस अजून बेपत्ताच होता. कुठेतरी कोणीतरी त्याचा फोन लागतो का पाहत असणार.

त्याचे कपडे मुद्देमालाच्या खोलीत सीलबंद पडून होते. आप्पांनी ते मागितले नव्हते, आणि त्याचं कारण आता कळत होतं. पंचांसमोर पाकीट उघडलं. शर्टाच्या कॉलरला आत शिंप्याचं लेबल होतं, त्यावर मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाचं नाव. तिथल्या पोलिसांना मी कळवलं, की तुमच्याकडचा एखादा तरुण आमच्या बाजूला कंपनीत कामाला येऊन बेपत्ता झाला आहे का पाहा. तशी तक्रार होती. त्याच्या बहिणीने दिलेली. आईवडील नव्हते, दोघंच एकमेकांना. ती इकडे आली. मी शर्ट टेबलावर ठेवला. तिने तो उलगडला नाही, नुसता हात ठेवला.

"माझ्या लग्नात शिवला होता त्यानं," ती म्हणाली.

खात्री व्हावी म्हणून डॉक्टरांच्या अहवालातली शरीराची वर्णनं तिच्याकडून एकेक करून पडताळली. सगळी जुळली. तिचा भाऊ चाकणच्या बाजूला काम शोधायला आला होता. त्या दिवशी तो कोणाकडे जात होता आणि त्या वळणावर रूळ का ओलांडत होता, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. तिला मी तसंच सांगितलं. न कळलेल्या जागी काहीतरी भरून सांगायचं नाही, हा माझा नेम होता.

आप्पांवर खोटी ओळख दिल्याबद्दल कारवाई झाली. त्यांनी काहीही नाकारलं नाही. मधल्या काळात त्यांनी मला एक विनंती केली. त्या मुलीला भेटायचं होतं. मी तिला विचारलं. ती तयार झाली, पण तिला चौकीत भेटायचं नव्हतं. भावाची राख जिथे सोडली, ती जागा बघायची होती.

इंद्रायणीच्या काठी आम्ही गेलो. आप्पांनी बोटाने जागा दाखवली. पाण्यावर जलपर्णी साचली होती, प्रवाह दिसत नव्हता. मुलगी बराच वेळ उभी होती. आप्पा हात जोडून तिच्या मागे उभे होते. ती त्यांना शिव्या देईल, निदान हे का केलंत म्हणून विचारेल, अशी माझी अपेक्षा होती. तिने विचारलं ते वेगळंच.

"अग्नी दिला तेव्हा रडलात का तुम्ही?"

 आप्पा म्हणाले, "लई रडलो, पोरी. पर खोटं न्हाई सांगत. तुज्या भावासाठी न्हवतो रडत. माज्या दोन्ही पोरांसाठी रडत व्हतो."

तिने मान हलवली. "चालेल," ती म्हणाली. "त्याच्याजवळ कोणी रडलं होतं, एवढं पुरे मला."

पुढे माझ्या हद्दीत असे मृतदेह अनेक आले आणि ओळख पटवायला अनेक आईबाप आले. त्या प्रकरणाने मला शिकवलं ते इतकंच, की माणूस समोरच्या देहात आपल्याला जे हवं ते पाहतो. काहींना मुलगा हवा असतो, काहींना शेवट हवा असतो. म्हणून मी दर वेळी आधी एकेकाला वेगळं बसवून विचारायचो, मग देह दाखवायचो, आणि कोणी कितीही ठामपणे "हाच" म्हणालं तरी बाकीच्या बेपत्ता लोकांच्या घरी फोन करणं थांबवायचो नाही. सहकारी म्हणायचे, ओळख पटली ना, आता कशाला. मी फोन लावत राहायचो. पलीकडे फोन उचलल्यावर पहिला आवाज बहुतेक वेळा एकच असायचा, श्वास रोखून धरलेल्या माणसाचा. ऐकायला तो मला कधीच सोपा गेला नाही.